लाकडी जहाज आणि मुलांचे हात

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत वसतिगृहाच्या पहिल्या पत्र्याच्या खोल्यांविषयी, मुठीमुठीने जमवलेल्या धान्याविषयी आणि येथून शिकून अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते लिहिले जायलाच हवे. मी मात्र एका अगदी लहान दिसणाऱ्या गोष्टीविषयी लिहिणार आहे. गेल्या दोन वर्षांत आठवी-नववीच्या काही विद्यार्थ्यांनी रविवारच्या दुपारी भोजनगृहाच्या लांब टेबलावर लाकडी जहाजाची एक प्रतिकृती बांधली. तिच्यासाठी लागणारा संच एका माजी विद्यार्थ्याने पाठवला होता. नव्या इमारतीत संगणक कक्षाच्या शेजारी हस्तकामासाठी एक स्वतंत्र खोली असावी आणि अशा प्रतिकृती बांधणे हा तेथील पहिला उपक्रम असावा, अशी सूचना त्यानंतर पुढे आली. तिला विरोधही झाला. विरोध करणारी माणसे संस्थेच्या हितचिंतकांपैकीच आहेत आणि त्यांच्या म्हणण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून त्यांना उत्तर द्यायचे तर ते सविस्तरच दिले पाहिजे.

असा संच ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. इटली, स्पेन, अमेरिका या देशांत असे संच तयार करणाऱ्या कंपन्या आहेत. पेटी उघडली की जहाजासारखे काहीच दिसत नाही. लेझरने कापलेले प्लायवूडचे काही तुकडे, एक-दीड मिलिमीटर जाडीच्या आणि चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्यांची जुडी, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, दोऱ्याची रिळे, वाटाण्याहून लहान लाकडी कप्प्या, थोडे पितळेचे सामान आणि घडी घातलेले मोठाले आराखडे. प्लॅस्टिकच्या विमानाचे सुटे भाग जोडावेत तसे हे जोडता येत नाही. प्लॅस्टिकच्या संचात प्रत्येक भागाचा अंतिम आकार कारखान्यानेच ठरवलेला असतो. येथे सांगाडा तेवढा कापून मिळतो. त्याच्यावर चढणाऱ्या प्रत्येक पट्टीचा आकार बांधणाऱ्याला स्वतः काढावा लागतो.

आधी कणा. कोकणातले होड्या बांधणारे कारागीर त्याला पठाण म्हणतात. त्याच्या खाचांत माशाच्या काट्यासारखे आडवे साचे बसवायचे, आणि प्रत्येक साचा कण्याशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहायचे. मग या साच्यांच्या कडा काचकागदाने घासून अशा उतरत्या करायच्या, की वरून जाणारी पट्टी प्रत्येक साच्याच्या पूर्ण कडेवर टेकली पाहिजे. नुसत्या कोपऱ्यावर टेकून चालत नाही. जहाजाच्या मधल्या भागात हा उतार जवळजवळ नसतो आणि नाळेकडे जाताना वाढत जातो. या घासकामात आठवडे जातात आणि दाखवण्यासारखे काहीही तयार होत नाही. मुलांचा पहिला कंटाळा येथे येतो. आमच्या गटातली तीन मुले या टप्प्यावर गळाली. त्यातली दोन पुढे परत आली.

खरी परीक्षा पट्ट्या चढवताना होते. जहाजाचे पोट मध्यभागी रुंद आणि नाळेशी निमुळते असते, पण पट्ट्यांची संख्या तर दोन्हीकडे तीच. समजा, मधल्या साच्याची वरपासून कण्यापर्यंतची वळणदार कड १०० मिलिमीटर भरली आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंदीची असली, तर एका बाजूला वीस पट्ट्या लागतील. नाळेजवळच्या साच्याची कड ६० मिलिमीटरच भरते; तिथे त्याच वीस पट्ट्या बसवायच्या म्हणजे प्रत्येक पट्टी तासून ३ मिलिमीटरवर आणावी लागते. मधल्या प्रत्येक साच्यावर हे माप वेगळे येते. ते कागदाच्या अरुंद पट्टीवर घ्यायचे, वीसने भागायचे, पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची आणि रंध्याने किंवा कटरने तेवढे लाकूड काढायचे. मागच्या बाजूला कड उलट वाढत जाते. तिथे पट्ट्यांच्या मधे पाचरीसारखे वेगळे तुकडे घालावे लागतात. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा मी पंचवीस वर्षे फळ्यावर शिकवला. भागाकार चुकला तर लाकडाच्या दोन पट्ट्यांच्या मधे नखाएवढी फट उरते, आणि ती फट शिक्षकाने लाल शाईने दाखवावी लागत नाही.

पट्टी वाकवण्यासाठी ती अर्धा तास पाण्यात भिजवायची, मग गरम लोखंडाशी धरून हळूहळू वळण द्यायचे, आणि चिकटेपर्यंत कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी दाबून ठेवायची. घाईने वाकवली की ती मोडते. आणखी एक नियम आहे, तो पुढे एका प्रसंगात येणार आहे म्हणून येथेच सांगतो. डाव्या बाजूला एक पट्टी बसवली की लगेच उजव्या बाजूला तिची जोडीदार बसवायची. एकाच बाजूच्या पट्ट्या आधी संपवल्या, तर वाळताना त्या सगळ्या मिळून कणाच पिळतात, आणि पिळलेला कणा नंतर सरळ होत नाही.

दोरखंडांचे काम शेवटी येते. डोलकाठी पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणलेल्या दोऱ्यांवर उभी असते. एक दोरा घट्ट केला की समोरचा सैल पडतो, तो ताणला की तिसरा. दोऱ्याची केसाळ लव बसावी म्हणून त्याला मेण लावावे लागते. वर चढण्यासाठी खलाशी जी दोरांची शिडी वापरत तिची प्रत्येक पायरी वेगळी गाठ मारून बांधायची असते, आणि मोठ्या जहाजात अशा गाठी शेकड्यांनी असतात. परस्परांवर अवलंबून असलेल्या या दोऱ्या पाहिल्या की त्यांना लगेच प्रतीत्यसमुत्पादाचा दृष्टांत म्हणण्याचा मोह आपल्या वक्त्यांना होईल. तो आवरावा. मुलांना आधी गाठ नीट येऊ द्यावी.

आता विरोधाकडे वळतो. पालकांच्या बैठकीत आणि नंतर पत्रांतूनही जे म्हणणे आले त्याचा आशय असा : आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हातानेच काम केले, किंबहुना त्याच्याकडून ते करून घेतले गेले. बाबासाहेबांनी ती कामे टाकायला सांगितली, गाव सोडायला सांगितले, शिकायला सांगितले. आता आपल्याच शाळेत, आपल्याच मुलांच्या हातांत करवत आणि पटाशी देऊन आपण त्यांना कुठे नेत आहोत? वरच्या वर्गांची मुले संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्ता शिकत असताना आपली मुले लाकूड घासत बसणार काय?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. हस्तव्यवसायाच्या नावाखाली मुलांना त्यांच्या जन्माच्या जागी परत पाठवण्याचे प्रयत्न या देशात झालेले आहेत. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची जी योजना आणली, तिच्यात शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा अशी कल्पना होती. लोकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, हे नाव दिले. पेरियारांच्या पुढाकाराने तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेण्यात आली. कुंभाराच्या मुलाला चाक आणि चर्मकाराच्या मुलाला आरी, ही त्या योजनेची परिणती झाली असती. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना राहून स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे असे म्हटले आहे. कल्पना म्हणून ती वाईट नाही. परंतु शहरातल्या महागड्या शाळेतला मुलगा त्या दहा दिवसांत मौज म्हणून मातीत हात घालील आणि आपल्या मुलाला ‘तुला हे जमेलच’ असे सांगितले जाईल, ही भीती ज्याला वाटत नाही त्याला हा देश ठाऊक नाही.

असे असूनही मी त्या खोलीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात सापडते. कष्टाचे दार आपल्याला कधीच बंद नव्हते. बंद होते ते कौशल्याचे. मुंबईच्या गोदीत, रेल्वेत आणि गिरण्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने राबत होती. पण कापड गिरण्यांतल्या विणकाम खात्यात, जिथे मजुरी अधिक होती, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवे सूत भरताना ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा इतर कामगार हातात घेणार नाहीत, एवढेच कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी तर होतीच, शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्यावे अशीही मागणी होती. ज्या माणसाने मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, त्यानेच यंत्रशाळेचे दार उघडा म्हणूनही सांगितले. या दोन सांगण्यांत विरोध नाही. १९३६ च्या त्यांच्या न झालेल्या भाषणातील जातीची चिकित्सा ज्यांनी वाचली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, की त्यांचा राग कामावर नव्हता. कोणी कोणते काम करायचे हे जन्मावर ठरवून काम करणाऱ्या माणसांचेच कप्पे पाडण्यावर होता.

एका पालकांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ते बांधकामावर गवंडीकाम करतात. बैठकीनंतर ते भोजनगृहात आले, टेबलापाशी उभे राहिले आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरून म्हणाले, “सर, हे बघा. चुना-सिमेंटनं खाल्लेले. माझ्या पोराच्या हातात पेनच राहू द्या.” मी काही बोलणार एवढ्यात त्यांचे लक्ष टेबलावरच्या अर्धवट जहाजाकडे गेले. त्यांनी ते उचलले, एक डोळा मिटला, कण्याच्या टोकाकडून नजर लावली आणि मुलाला विचारले, “हे ओळंब्यात न्हाई. इकडच्या पट्ट्या आधी बशिवल्या का रं?” मुलांनी खरोखरच एका रविवारी उत्साहाच्या भरात डाव्या बाजूच्या पाच पट्ट्या ओळीने चिकटवल्या होत्या, आणि त्या बाजूला आलेला पीळ आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलेला नव्हता. आराखड्यातली इंग्रजी सूचना त्या गृहस्थांना वाचता येण्यासारखी नव्हती. भिंत बांधताना एकाच बाजूने भार चढवला तर काय होते हे मात्र त्यांना ठाऊक होते. त्या दुपारी त्यांनी मुलांकडून पट्ट्या गरम पाण्याच्या फडक्याने सैल करवून घेतल्या आणि कणा दोन विटांच्या मधे दाबून ठेवायला लावला. निघताना त्यांनी आपले मत बदलल्याचे सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

त्या मुलाने मात्र पुढच्या रविवारी वडिलांविषयी गटात दोन-तीनदा उल्लेख केला. वसतिगृहात येणारी मुले आईबापांच्या कामाविषयी सहसा बोलत नाहीत. अर्जातल्या ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ लिहितात आणि पान उलटतात. आपण त्यांना शिकवतो ते शिक्षण त्या मजुरीत दडलेले ज्ञान ओळखायला शिकवत नसेल, तर ते अपुरे आहे असे माझे मत आहे.

आता संचाच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा. सुतारकाम शिकवायचे तर स्टूल किंवा चौरंग का नको, जहाजच कशासाठी, असे विचारले गेले. याचे उत्तर पेटीतल्या त्या घडी घातलेल्या कागदांत आहे. आपल्याकडची बहुतेक कारागिरी घराण्यात राहिली. बाप मुलाला शिकवी, मुलगा नातवाला. माप डोळ्यांत आणि हातांत असे, कागदावर नसे. त्या कौशल्याची थोरवी मान्य करूनही हे म्हटले पाहिजे, की ज्याचा जन्म त्या घरात झाला नाही त्याला आत शिरायला वाट नव्हती. आराखडा ही ती वाट आहे. बाजूचे दृश्य, वरचे दृश्य, आडवे छेद आणि शेजारी लिहिलेले प्रमाण, एवढे ज्याला वाचता येते त्याला आडनाव विचारले जात नाही.

मुंबईच्या गोदीचाच एक दाखला आहे. सुरतेहून १७३६ च्या सुमारास आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने तेथे जवळजवळ दीड शतक मुख्य जहाजबांधणीकार म्हणून काम केले. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा १८१२ साली ब्रिटिश नौदलाने ‘ट्रिंकोमाली’ नावाचे जहाज सागवानात बांधण्याचे काम मुंबईला दिले. त्याचे आराखडे ‘जावा’ या जहाजातून निघाले. पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजाने ‘जावा’चा पाडाव केला आणि आराखडे गेले. लाकूड मिळण्यासारखे होते, वाडियांसारखे नामवंत कारागीर हाताशी होते. तरीही आराखड्यांची दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते जहाज पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे आणि तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ओळखले जाते. वाडियांची नावे इतिहासात आहेत. ते सागवान कापणाऱ्या, तासणाऱ्या, वाहणाऱ्या माणसांची नाहीत.

याच जहाजाच्या निमित्ताने मी वर्गात प्रमाणाचा हिशेब करून घेतला. त्याच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट. १:६४ या प्रमाणात प्रतिकृती केली तर ती साधारण २८ इंच भरेल आणि साडेपाच फुटांचा खलाशी एक इंचाचा होईल. लांबी चौसष्ट पट, म्हणून शिडाचे क्षेत्रफळ ४,०९६ पट आणि पोटातले घनफळ २,६२,१४४ पट. हा शेवटचा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वर्ग गप्प झाला. ‘घन’ या शब्दाचा अर्थ मुलांना सूत्रापलीकडे कळल्याचे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

प्रतिकृती म्हणजे शोभेची वस्तू, हा समजही दूर केला पाहिजे. जावा बेटावरच्या बोरोबुदूर या आपल्या महान बौद्ध स्तूपाच्या भिंतींवर आठव्या-नवव्या शतकातली जहाजे कोरलेली आहेत. फिलिप बील या इंग्रज गृहस्थाने त्या शिल्पांवरून खरे जहाज बांधायचे ठरवले तेव्हा निक बर्निंगहॅम या जहाजतज्ज्ञाने आधी हलक्या बाल्सा लाकडाची एक लहान प्रतिकृती केली. इंडोनेशियाच्या कांगेआन बेटांवरचे पारंपरिक जहाजबांधणीकार असद अब्दुल्ला यांनी मुख्यतः ती प्रतिकृती समोर ठेवून जहाज उभे केले. ‘समुद्ररक्षा’ हे त्याचे नाव. २००३-०४ मध्ये ते जकार्ताहून आफ्रिकेला वळसा घालून घानापर्यंत गेले, आणि आज ते बोरोबुदूरच्या आवारातल्या संग्रहालयात आहे.

आपल्या घराजवळचा दाखला तर याहून बोलका आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाच्या अवदानकथेचे चित्र आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तेथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. चित्रातल्या जहाजाला तीन डोलकाठ्या आणि उंच, अरुंद शिडे आहेत. नाळेवर डोळा रंगवलेला आहे. त्या काळच्या अशा जहाजाचा आराखडा शिल्लक नाही, अवशेषही नाहीत. तरीही अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या जहाजचित्रावरून गोव्यात, केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काथ्याने फळ्या शिवून एक पूर्ण आकाराचे जहाज बांधले. त्याआधी मद्रासच्या आयआयटीत त्याची प्रतिकृती करून ती पाण्यात कशी वागते याची चाचणी घेण्यात आली. मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते भारतीय नौदलात दाखल झाले. एका भिक्खुसंघाच्या लेण्यातल्या चित्राचे जहाज होताना मधे जो टप्पा लागला तो प्रतिकृतीचा होता. आपल्या शाळेची सहल दरवर्षी अजिंठ्याला जाते. दुसऱ्या लेण्यात आपण किती वेळ थांबतो?

संचावरचे काही आक्षेप मला मान्य आहेत. सांगाडा यंत्राने कापून मिळतो, त्यामुळे सर्वांत अवघड काम दुसऱ्याने केलेले असते. म्हणून संच ही पहिली पायरीच मानावी. दुसऱ्या जहाजाचा सांगाडा मुलांनी आराखड्यावरून स्वतः कापावा, आणि त्यासाठी परदेशी पेटीची गरजच नाही. खर्चाचा आक्षेपही खरा आहे, पण तो तितका मोठा नाही. साधा संच काही हजार रुपयांत येतो आणि आठ-दहा मुलांना वर्षभर पुरतो. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आपण याहून अधिक खर्च करतो. तिसरा आक्षेप आमच्या विहारातल्या भन्तेजींनी हसत हसत घेतला : बाजारातल्या बहुतेक संचांत युद्धनौका असतात, आणि बौद्ध शाळेतली मुले रांगेने तोफा चिकटवत बसणार काय? म्हणणे रास्त आहे. ‘ट्रिंकोमाली’वरही तोफा होत्याच, मात्र विसाव्या शतकात, १९८६ पर्यंत, ते जहाज तरुण मुलांच्या निवासी प्रशिक्षणासाठी वापरले गेले. आपण मासेमारीचे, व्यापारी किंवा टपाल नेणारे जहाज निवडावे. तशीही अनेक मिळतात.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. पहिल्या गटात मुली नव्हत्या, कारण भोजनगृह रविवारी दुपारी मुलांच्या वसतिगृहाच्या ताब्यात असते. नव्या खोलीत त्या येतील तेव्हा कोणीतरी हमखास म्हणेल, की शिडे शिवणे आणि गाठी मारणे मुलींकडे द्यावे, करवत आणि रंधा मुलांकडे. अशी वाटणी झाली तर ती खोली न झालेली बरी. माणसांचे कप्पे पाडण्याची रीत आपण बाहेर सोडून आलो ती सुतारकामाच्या टेबलावर परत मांडायची नाही. प्रत्येकाने प्रत्येक काम करायचे. ज्याला गाठ जमत नाही त्याने गाठच शिकायची.

जहाज पूर्ण झाल्यावर त्याचे काय करायचे, यावरही थोडा वाद झाला. काचेच्या पेटीत घालून मुख्याध्यापकांच्या दालनात ठेवावे, पाहुण्यांना दाखवता येईल, असे बहुमत होते. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात भगवंतांनी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे, तो आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. प्रवासी गवत, काटक्या, फांद्या जमवून तराफा बांधतो, हातापायांनी वल्हवत पैलतीर गाठतो, आणि मग तो तराफा डोक्यावर घेऊन फिरत नाही. या दृष्टांतावर बोलताना आपण नेहमी त्याच्या उत्तरार्धावर, म्हणजे सोडून देण्यावर, भर देतो. पूर्वार्धही ऐकण्यासारखा आहे. तो तराफा कोणी आणून दिलेला नाही. काठावर जे मिळाले त्यातून त्या माणसाने तो स्वतः बांधला आहे. धम्मपदाच्या पंडितवग्गातही स्वतःला घडवणाऱ्या शहाण्या माणसाच्या शेजारी पाटकरी, बाण करणारा आणि सुतार यांना स्थान आहे. तेव्हा जहाज काचेत ठेवण्यापेक्षा त्याला नव्या खोलीत उघडे ठेवावे, पुढच्या तुकडीला हातात घेऊ द्यावे, पट्ट्यांतल्या फटी मोजू द्याव्यात. एखादी डोलकाठी मोडली तर ती दुरुस्त करणे हाच त्यांचा पहिला पाठ होईल.

व्यवस्थापन मंडळापुढे मी जो प्रस्ताव ठेवला आहे तो येथे पुन्हा मांडतो. खोली वीस फूट बाय पंधरा फूट असावी, उत्तरेकडे खिडकी असावी, म्हणजे दिवसभर सारखा उजेड मिळेल. दोन जड टेबले, प्रत्येकी चार हातकरवती, रंधे, कानशी, गुणे आणि एक ओळंबा. पहिल्या वर्षी दोन संच, दोन्ही गटांत मुले-मुली मिश्र. ज्या पालकांना लाकूड, लोखंड किंवा बांधकाम यातले काही कळते त्यांना महिन्यातून एका रविवारी मानधन देऊन बोलवावे. पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून, आणि हजेरीपटावर त्यांचे नाव शिक्षकांच्या रकान्यात लिहावे. तिसऱ्या वर्षी अजिंठ्याच्या सहलीत नववीच्या मुलांनी दुसऱ्या लेण्यातल्या त्या जहाजाचे रेखाटन करून आणावे. त्याचा संच कोणी विकत नाही. कणा किती लांब धरायचा, साचे किती आणि कोणत्या वळणाचे, डोलकाठ्यांमधले अंतर किती, हे त्यांना त्या भिंतीवरून स्वतःच ठरवावे लागेल, आणि आराखडाही स्वतःच काढावा लागेल. कागद मोठा लागेल. तो मी आणून ठेवला आहे.